चिंगीची सर्दी, जी सर्दी नव्हतीच

ही केस लिहीन लिहीन म्हणत मी वर्षभर लांबवली. साताऱ्याच्या पुढे एका गावात माझा छोटा दवाखाना आहे, कुत्री-मांजरं जास्त, अधनंमधनं कुणाची तरी शेळी. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, कुत्रीचं नावसुद्धा खरं नाही. आणि आधीच सांगते, यात कोण कोण चुकलं याची यादी केली तर पहिलं नाव माझं येतं.

पार्श्वभूमी

चिंगी म्हणजे ११ वर्षांची पांढरी मादी, वजन ८.४ किलो. घरचे पॉमेरियन म्हणतात, आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण ती इंडियन स्पिट्झ. घरात काका-काकू दोघंच, काका रिटायर्ड, हाताला थोडा कंप आहे. मुलगा-सून पुण्यात, नात सहा वर्षांची, सुट्टी लागली की इकडे.

चिंगीचं खाणं अगदी आपल्याकडच्या कुठल्याही लाडक्या कुत्र्यासारखं. सकाळी काकांच्या चहात बुडवलेली दोन मारी, दुपारी दुधात कुस्करलेली चपाती, रात्री भात आणि चिकनचं पाणी. सगळं मऊ, सगळं दाताला चिकटणारं. बरं, नुसते कोरडे दाणे घातले असते तरी दात स्वच्छ राहिले असते असं काही नाही, साधा दाणा दाताखाली आला की फुटतो, दात घासत वगैरे नाही. मुद्दा घासण्याचा होता आणि कुत्र्याचे दात घासायचे असतात हे त्या घरात अकरा वर्षांत कुणी बोललंच नव्हतं. म्हणजे मीही नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात, लॅब्राडॉरला ४२ आणि या आठ किलोच्या चिंगीलाही ४२च. एवढ्याशा तोंडात दाटीवाटी होते, मधे अन्न अडकतं, म्हणून हिरड्यांचा आजार लहान जातींना जास्त. दातावर जिवाणूंचा बुळबुळीत थर एका दिवसात बसतो, तो पुसला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक व्हायला लागतो, ते कीटण. आपण बघतो ते पिवळं-तपकिरी कीटण, पण खरा उद्योग हिरडीच्या खाली चालू असतो. आधी हिरडी लाल होते, सुजते, इथपर्यंत साफसफाई केली की सगळं पूर्ववत. एकदा का दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं की ते परत येत नाही, फक्त थांबवता येतं.

दोन वर्षांपूर्वी लसीला आणली तेव्हा तोंडाला वास होता, दाढांवर कीटण होतं. मी म्हणाले, काका, भूल देऊन दात साफ करून घ्यायला लागतील. काका म्हणाले, भूल नको मॅडम. त्यांच्या शेजाऱ्यांचा डॉबरमॅन बऱ्याच वर्षांपूर्वी भुलीतनं उठलाच नव्हता, ते यांनी डोळ्यानं बघितलेलं. मी कार्डावर ‘दात साफ करण्याचा सल्ला दिला’ असं लिहिलं आणि पुढचा पेशंट आत घेतला.

त्यानंतरच्या दिवाळीत चिंगी पुण्याला गेली. सूनबाईंनी तिला ग्रूमिंगला नेलं, तिथे भूल न देता दात साफ करून देतात, पाऊण तासात दात पांढरे झाले. काकांनी मला फोटो दाखवला. ‘बघा मॅडम, भूल न देता झालं की.’ मी म्हणाले, छान दिसतायत.

हे ‘छान दिसतायत’ मला नंतर फार महागात पडलं.

त्रास कसा सुरू झाला

मार्चमध्ये शिंका सुरू झाल्या. दिवसातनं चार-पाच वेळा, पण आल्या की ओळीनं आठ-दहा, इतक्या जोरात की नाक फरशीवर आपटायचं. काकूंनी आपल्या परीनं दुधात हळद घालून पाजली आणि नाकाला थोडा बाम लावला. बाम लावू नका हो कुणी, कापूर आणि मेंथॉल त्यांना सोसत नाही, चाटून पोटात जातं, मांजराला तर अजिबात नको. मी तपासलं, ताप नाही, छाती साफ, डावी नाकपुडी ओली. ओठ वर करून बघितलं, दात पांढरे. ‘तोंड ठीक’ अशी नोंद केली, ॲलर्जीचं औषध दिलं, घरात उदबत्ती कमी करा म्हणाले.

एप्रिलमध्ये काका सकाळी सकाळी आले, पंचाच्या टोकाला रक्ताचा डाग. शिंकताना नाकातनं रक्त आलं. आता आपल्या भागात कुत्र्याच्या नाकातनं रक्त म्हटलं की कुठलाही डॉक्टर पहिला विचार करतो गोचीड तापाचा. गोचिडीतनं एर्लिकिया नावाचा जिवाणू अंगात जातो, प्लेटलेट उतरतात, नाकातनं रक्त. चिंगीच्या अंगावर महिन्यापूर्वी गोचिडी सापडल्याही होत्या. रक्त तपासलं, प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे थोडे कमी, नाव घ्यावं इतके नाहीत. गोचीड तापाच्या तपासणीचं किट निगेटिव्ह आलं, पण किट निगेटिव्ह आलं तरी आजार असू शकतो असं आम्ही एकमेकांना सांगत असतोच. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस सुरू केलं.

आणि दुसऱ्या आठवड्यात शिंका थांबल्या!

मी खूश, काका खूश. निदान बरोबर होतं म्हणून औषध लागू पडलं असं मी धरून चालले. आता मागे वळून बघितलं की कळतं, डॉक्सिसायक्लिन काही फक्त एर्लिकियाला ओळखत नाही, दाताच्या मुळाशी सडणाऱ्या जिवाणूंनाही ते तात्पुरतं गप्प बसवतं, वर सूजही कमी करतं. औषधानं बरं वाटलं म्हणजे निदान सिद्ध झालं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड सापळा आहे आणि मी त्यात चांगली दोन्ही पाय घालून उभी होते.

गोळ्या मेच्या मध्यात संपल्या. जूनच्या शेवटी, पाऊस लागल्यावर, परत शिंका, परत रक्त, आणि आता डाव्या नाकपुडीतनं पिवळट घट्ट शेंबूड. या वेळी काका बोलत नव्हते. त्यांनी मोबाईलवर शोधलं होतं, म्हातारं कुत्रं, एका नाकपुडीतनं रक्त, म्हणजे नाकातला कॅन्सर. आणि खरं सांगते, माझ्याही डोक्यात तेच आलेलं. एका बाजूनं वाहणारं नाक म्हटलं की यादी मोठी नसते: गाठ, बुरशी, आत अडकलेलं गवताचं कुसळ, किंवा दात. दात मी यादीतनं आधीच खोडला होता, कारण दात पांढरे होते.

काकूंचं एक वाक्य

मी सीटी स्कॅनचं बोलत होते, पुण्याला जायला लागेल, खर्च किती येईल वगैरे. काकू कोपऱ्यात चिंगीला मांडीवर घेऊन बसलेल्या. मधेच म्हणाल्या, ‘मॅडम, एक विचारू का, ही दूध प्याली की लगेच शिंकतीय. आणि परवा तर नाकातनं दुधाचा बुडबुडाच आला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात तुला भास होतात.’

मी लिहायचं थांबले. दूध नाकात जायचं तर तोंडातनं नाकात जायला वाट पाहिजे.

चिंगीला टेबलावर घेतलं, पण या वेळी नुसता ओठ वर नाही केला, काकूंना डोकं धरायला लावलं आणि तोंड उघडून टॉर्चनं आतल्या बाजूनं बघितलं, टाळूच्या बाजूनं. बाहेरून डावा वरचा सुळा हस्तिदंती, चकचकीत. आतल्या बाजूला त्याच सुळ्याच्या बुंध्याशी हिरडी जांभळट, दातापासनं सुटलेली, कडेला एक केस आणि कुजकट पांढरं कायतरी अडकलेलं. कापसाची काडी हलकेच लावली तर ती हिरडीत टेकायच्या ऐवजी आत गेली. चिंगीनं डोकं झटकलं आणि शिंकली, माझ्या ॲप्रनवर बारीक लाल ठिपके.

वास तर असा की तो कुठल्याही फोटोत येत नाही.

त्याचं नाव ओरोनेझल फिस्टुला, सोप्या भाषेत तोंड आणि नाकाच्या मधे पडलेलं भोक. वरच्या सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा बरंच लांब असतं, मागे वाकून आत जातं, आणि त्या मुळाच्या आणि नाकाच्या पोकळीच्या मधे हाडाचा पातळसा पापुद्रा असतो. हिरडीचा आजार टाळूच्या बाजूनं खाली खाली उतरत गेला की तो पापुद्रा खाऊन टाकतो. मग पाणी, दूध, अन्नाचे कण नाकात. डॅशहुंडमध्ये हे खूप बघायला मिळतं, पण कुठल्याही लहान जातीत होऊ शकतं. दात हलत असेलच असंही नाही, चिंगीचा सुळा खुंट्यासारखा घट्ट होता.

आणि पांढऱ्या दातांचं कोडं पण तिथेच सुटलं. जाग्या कुत्र्याच्या तोंडात कुणीही गेलं तरी दातांची बाहेरची बाजू खरवडता येते, आतली बाजू आणि हिरडीखालचा भाग नाही. वर पॉलिश न करता नुसतं हत्यारानं खरवडलं की दाताला बारीक चरे पडतात आणि थर उलट लवकर बसतो. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या कॉलेजची भूमिका या प्रकाराच्या स्पष्ट विरोधात आहे, कारण त्यात दात दिसायला चांगले होतात आणि आजार झाकला जातो. झाकला कुणापासनं? मी धरून सगळ्यांपासनं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काकांनीच काढला, जी गोळी लागू पडली तीच परत द्या. मोह पडण्यासारखंच आहे, स्वस्त, भूल नाही. पण भोक गोळीनं बुजत नाही. हिरडीच्या खोल कप्प्यात जिवाणू थर करून बसलेले असतात, औषध वरवर पोचतं, गोळ्या बंद केल्या की महिन्यात पहिले पाढे. दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिक देत बसलं तर एक दिवस ते खरंच लागेल तेव्हा चालणार नाही.

दुसरा, ‘मॅडम, तुम्हीच काढा ना दात, इथंच, एवढ्या लांब कशाला.’ यावर मी खरंच रात्रभर विचार केला. हलणारे दात मी काढते, इंजेक्शनची भूल देऊन. पण सुळा घट्ट होता, त्याला हिरडी उलटून, वरचं हाड कोरून काढावा लागतो, मग भोकावर हिरडीची झडप ओढून शिवायची, तीही अजिबात ताण न येता. माझ्याकडे दातांचा एक्स-रे नाही. गॅसची भूल नाही. दात साफ करताना तोंडात सतत पाणी असतं, श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घातलेली नसेल तर ते पाणी फुफ्फुसात. आणि त्यातच स्टेथोस्कोप लावला तर हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्याबरोबर येणारा जादा आवाज, सहापैकी तिसऱ्या ग्रेडची. या वयाच्या लहान कुत्र्यांत हृदयातली मायट्रल झडप गळणं नवीन नाही, पण झायलाझिनसारखं भुलीचं औषध अशा हृदयाला द्यायचं म्हणजे डॉबरमॅनची गोष्ट परत घडवायची. नाही म्हणाले. नाही म्हणायला थोडी लाज वाटली, हेही लिहिते.

तिसरा, काहीच न करणं. वय झालंय, किती दिवस राहिलेत, कशाला हाल. मुलगा फोनवर हेच म्हणत होता, प्रेमानंच. मी त्याला एवढंच विचारलं, तुझ्या दाढेत पू झाला आणि नाकात रोज दूध गेलं तर तू किती दिवस काढशील. कुत्री दुखतंय म्हणून रडत नाहीत, जेवण पण सोडत नाहीत, चिंगी रोज ताटली चाटून पुसून साफ करत होती. त्यामुळेच सगळ्यांना वाटत होतं दुखत नसणार.

चौथा पर्याय पुणे. माझी कॉलेजातली एक सीनियर तिथे आहे, तिच्याकडे दातांचा एक्स-रे, गॅसची भूल, आणि भूल देणारा वेगळा माणूस. खर्च जास्त, प्रवास शंभरच्या वर किलोमीटर, आणि काकांची भीती जशीच्या तशी.

निर्णय अडला होता तो भुलीवर. ‘काही होणार नाही’ असं मी काकांना म्हणाले नाही, कारण ते खोटं झालं असतं. त्या दिवशी कागद घेतला आणि काय काय करणार ते एकेक लिहून दाखवलं: आधी हृदयाची सोनोग्राफी, मग किडनी-लिव्हरच्या तपासण्या, सलाईन नेहमीपेक्षा हळू, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत बघणारा माणूस, खाली गरम गादी. डॉबरमॅनच्या वेळी यातलं काय काय होतं, विचारलं. काका बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, ‘त्या वेळी तर ओट्यावरच झोपवलं होतं.’ दुसऱ्या दिवशी फोन आला, जायचं ठरलं.

काय केलं

सोनोग्राफीत झडप गळत होती पण हृदय मोठं झालेलं नव्हतं, म्हणजे झडपेच्या आजाराचा बी-वन टप्पा, त्याला औषध लागत नाही, भूल काळजीपूर्वक देता येते. किडनी-लिव्हर ठीक.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला गाडी निघाली. रात्रीपासनं उपाशी ठेवायचं सांगितलेलं, पाणी चालेल. खंबाटकी उतरल्यावर चिंगी कुईकुई करायला लागली आणि काकूंनी पदराआडनं अर्धी मारी दिली. पुण्यात सीनियरनं तीनदा विचारलं, काही खाल्लंय का, काका दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्या वेळी काकू रडायला लागल्या. सकाळची वेळ दुपारवर गेली, बास, एवढंच नुकसान. पण बोलल्या म्हणून बरं झालं. भुलीत उलटी झाली आणि फुफ्फुसात गेली तर हृदयाची सोनोग्राफी काय कामाची.

मी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी टाकून गेले होते, शिकायला म्हणा नाहीतर अपराधी वाटत होतं म्हणून म्हणा. भुलीत प्रत्येक दाताभोवती प्रोब फिरवतात, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई. कुत्र्यात हिरडीची घडी ३ मिलिमीटरपर्यंत असली तर नॉर्मल, मांजरात एक मिलिमीटरच्या वर गेली की शंका घ्यायची. सीनियर आकडे सांगत होती, मदतनीस लिहीत होता, दोन, दोन, तीन, दोन. डाव्या सुळ्याच्या टाळूकडच्या बाजूला सळई ठेवली आणि ती उतरतच गेली, बारा. त्याच क्षणी डाव्या नाकपुडीतनं रक्ताचा धागा खाली गादीवर. कुणी काही बोललं नाही.

एक्स-रेत आणखी निघालं. खालचे दोन प्रीमोलर, म्हणजे सुळ्यामागचे छोट्या दाढांसारखे दात, बाहेरून बरे वाटत होते, मुळाभोवती निम्म्याहून जास्त हाड गेलेलं. हे काही विरळ नाही, १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला झालेला अभ्यास आहे, बाहेरून ठीक दिसणाऱ्या दातांचे एक्स-रे काढले तर २७.८ टक्के कुत्र्यांत आणि ४१.७ टक्के मांजरांत महत्त्वाचं काहीतरी सापडलं. मांजरात दात आतनं विरघळत जाण्याचा वेगळाच आजार आहे, तो तर एक्स-रेशिवाय नीट कळतच नाही.

तिथे एक निर्णय पटकन घ्यायचा होता. उजव्या सुळ्याच्या आतल्या बाजूला कप्पा ५ मिलिमीटर होता. तोही काढायचा का? काढला तर उद्याचं भोक टळतं, पण भुलीचा वेळ वाढतो, हृदय आधीच असं, आणि ५ मिलिमीटरपर्यंत आतनं खरवडून साफ करून दात वाचवता येतो, अट एकच, घरी रोज घासलं पाहिजे. बाहेर काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘मी घासीन.’ कंप असलेल्या हाताकडे बघून मला शंका आली, पण दात ठेवला.

डोळ्याखालच्या नसेला बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन सुळा काढला, आतलं सडकं सगळं खरवडलं, हिरडी आतल्या बाजूनं सैल करून भोकावर ओढली आणि विरघळणाऱ्या बारीक धाग्यानं शिवली. एकूण नऊ दात गेले. बाकीचे हिरडीखालपर्यंत साफ करून पॉलिश केले. दोन तास दहा मिनिटं. संध्याकाळी सात वाजता चिंगी स्वतःच्या पायावर उभी होती आणि काका दवाखान्याच्या पायरीवर बसून चष्मा पुसत होते. सोनोग्राफी, तपासण्या, ऑपरेशन, औषधं मिळून २६ हजारांच्या आसपास गेले.

पुढे काय झालं

पहिला आठवडा मस्त. शिंका बंद, वास बंद. नऊ दात गेले तरी मऊ भात दुसऱ्या दिवशीच खाल्ला. ‘दात काढल्यावर खाणार काय’ ही काळजी सगळ्यांना असते, पण दुखरा दात असण्यापेक्षा दात नसणं त्यांना फार सोपं जातं.

नवव्या दिवशी, १५ ऑगस्टला जोडून सुट्टी घेऊन मुलगा-सून-नात आले. नातीनं चिंगीची दोरी काढली, त्या दोघींचा जुना खेळ, एका टोकाला ही एका टोकाला ती. दोनच मिनिटं खेळल्या म्हणे. संध्याकाळी शिंक, दुसऱ्या दिवशी परत दुधाचा बुडबुडा.

टाके एका टोकाला सुटले होते, ३ मिलिमीटरचं भोक. लगेच शिवायचं का थांबायचं, हा पुन्हा एक निर्णय. सुजलेल्या ताज्या मांसात टाके धरत नाहीत, परत फाटलं तर ओढायला हिरडीच उरत नाही. म्हणून सात आठवडे थांबलो, दूध बंद, भाताचे घट्ट गोळे, आणि नवरात्राच्या तोंडावर दुसऱ्यांदा भूल देऊन छोटी झडप शिवली. या वेळी काकांनी एकदाही भुलीचं नाव काढलं नाही, उलट काकूंना रात्रीच सांगितलं, मारीचा डबा गाडीत घ्यायचा नाही. दोन आठवड्यांनी बघितलं, टाळू बंद, गुलाबी, कोरडा.

वेगळं काय करता आलं असतं

दोरीचं आधी बोलते, कारण त्याचा दोष नातीवर जाऊ नये. पहिल्या ऑपरेशननंतर घरी काय करायचं ते मी तोंडी सांगितलं होतं, आणि सांगितलं काय, तर ‘मऊ घाला, कॉलर काढू नका’. खेळणी कपाटात ठेवा, काही ओढू देऊ नका, हे मी म्हणालेच नव्हते, मला वाटलं कळतंच. आता मी मराठीत एक पान टाईप करून देते, फ्रिजवर चिकटवायला, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला समोर बसवून त्याच्याशी वेगळं बोलते. मुलं मोठ्यांपेक्षा नियम कडक पाळतात.

सगळ्यात जुनी चूक मात्र दोन वर्षांपूर्वीची, लसीच्या दिवशीची. काका ‘भूल नको’ म्हणाले तेव्हा मी थांबून त्यावर बोलायला पाहिजे होतं. डॉबरमॅनची गोष्ट मला तेव्हाच माहीत होती, पण ती मी नकार म्हणून ऐकली, भीती म्हणून नाही. तोच कागद तेव्हा काढला असता तर कदाचित नुसत्या साफसफाईवर भागलं असतं, सुळा वाचला असता. कदाचित म्हणते, कारण तेव्हा कप्पा किती खोल होता ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

ग्रूमिंगवाल्यांवर काका नंतर चिडले होते, जाऊन भांडणार होते. मी म्हणाले, फोटो तुम्ही मला दाखवला होता, तेव्हा मी काय म्हणाले ते आठवा. त्यांनी दात पांढरे करून देतो म्हणून सांगितलं आणि पांढरे करून दिले. तोंड निरोगी आहे असं तर मी कार्डावर लिहिलं.

गोचीड तापाची शंका घेणं चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही, आपल्या भागात ती घ्यायलाच पाहिजे. चुकलं ते हे, की प्लेटलेट जेमतेम कमी, किट निगेटिव्ह, रक्त एकाच नाकपुडीतनं, एवढं सगळं समोर असताना औषध लागू पडल्यावर मी विचार करणं थांबवलं. प्लेटलेट कमी झाल्यानं येणारं रक्त बरेचदा दोन्ही बाजूंनी येतं, सतत त्याच एका बाजूनं येत राहिलं की त्या बाजूला काहीतरी जागेवर बिघडलंय असं धरून शोधायचं असतं. आणि काकूंना मी तीन भेटींत एकदाही काही विचारलं नव्हतं. बोलायचे काका, खायला घालायच्या काकू. आता मी पहिला प्रश्न विचारते, हिला खायला कोण घालतं?

आत्ताची परिस्थिती

काकांना ब्रश धरवत नाही, हात हलतो, हिरडीला लागतं. त्यामुळे आम्ही ब्रश सोडून दिला. तर्जनीला ओली गॉज गुंडाळायची, त्यावर कुत्र्यांची चिकन चवीची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ओठाच्या आतनं फक्त बाहेरची बाजू पुसायची, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. उजव्या सुळ्याला मात्र आतनंही बोट फिरवायचं. आपली पेस्ट नाही, त्यात फ्लोराइड आणि फेस असतो, ती थुंकू शकत नाहीत, काहींत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो, तो कुत्र्याला विष. पहिले दहा दिवस काका नुसतं बोटाला पेस्ट लावून चाटवत होते, मग एक दात, मग चार. आता रोज संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की चिंगी स्वतः येऊन त्यांच्या पायाशी बसते, मिनिटभरात काम होतं. कंप असलेलं बोट गॉज फिरवायला उलट चांगलं, असं काका म्हणतात, आणि मला त्यात चुकीचं काही दिसत नाही.

चावायला काय द्यायचं ते काकूंनी विचारलं. हाडं नाहीत, नळी तर नाहीच, नख टोचून बघा, नख रुतत नसेल एवढं कडक काही द्यायचं नाही, दाढ फुटते.

मारी बंद झालेली नाही. दोनची एक झालीय आणि ती सात वाजायच्या आधी मिळते, नंतर नाही.

उजव्या सुळ्याचा कप्पा किती आहे ते जागेपणी मोजता येत नाही. येत्या ऑक्टोबरमध्ये परत पुणे, परत सोनोग्राफी, परत भूल, परत ती सळई. परवा काकू दवाखान्यात आल्या होत्या, शेजारणीचं मांजर घेऊन. मांजराचे पुढचे दात अगदी स्वच्छ होते. मी टॉर्च काढला आणि तोंड उघडायला घेतलं.